दुसऱ्यांदा ऐकण्याचा हक्क

‘लोकांना जे हवे असते तेच आम्ही देतो,’ हा बाजारपेठेचा आवडता युक्तिवाद आहे. चित्रपट उथळ का, दूरचित्रवाणीवर कर्कश भांडणे का, मोबाइलवर अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितींचा पूर का, असे कोणी विचारले की हेच उत्तर मिळते. आपल्या चळवळीतील मंडळी या उत्तराला बहुधा नैतिक प्रत्युत्तर देतात. लोकांनी चांगल्याची मागणी केली पाहिजे, असे ती सांगतात. हे प्रत्युत्तर तोकडे पडते, कारण बाजाराचे मूळ गृहीत त्यात मान्यच केलेले असते. माणसाची आवड ही आधीच घडून तयार असलेली गोष्ट आहे आणि बाजार तिची केवळ नोंद घेतो, हे ते गृहीत होय. ते खरे नाही, हे दाखविण्यासाठी प्रस्तुत लेखात एका ध्वनिमुद्रिकेचा आधार घेतला आहे. पक्षाच्या साप्ताहिकात अशा विषयाला जागा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु या विषयाचा शेवट कामगाराच्या कामाच्या तासांपाशी होतो, एवढे सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

ही ध्वनिमुद्रिका म्हणजे ‘इंडियन ओशन’ या दिल्लीच्या बँडची ‘कंदीसा’. बँड म्हटले की हिंगोली-परभणीकडे लग्नाच्या वरातीतला बँड डोळ्यांपुढे येतो. हा त्यातला नव्हे. १९९० च्या सुमारास सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती या दोघांनी त्याची उभारणी केली. सेन गिटार वाजवीत, चक्रवर्ती तबला वाजवीत आणि गात. पुढे बेस गिटार व गायनासाठी राहुल राम आणि ड्रमसाठी अमित किलम येऊन मिळाले. चित्रपटाचा आधार न घेता, कोणा नायक-नायिकेच्या चेहऱ्यावर विसंबून न राहता, स्वतःचे संगीत स्वतः रचणारे असे हे मंडळ होते. १ जानेवारी १९९७ रोजी दिल्लीत ‘सहमत’च्या कार्यक्रमात, म्हणजे पथनाट्य करीत असताना ज्याच्यावर प्राणघातक हल्ला झाला त्या सफदर हाश्मीच्या स्मृतीसाठी, त्यांनी जे वादन केले त्याचीच पुढे ‘डेझर्ट रेन’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. त्यानंतर २००० साली ‘कंदीसा’ आली. असीम चक्रवर्ती २००९ च्या डिसेंबरात निधन पावले, सुस्मित सेन २०१३ मध्ये बाहेर पडले. पण ‘कंदीसा’चा श्रोतृवर्ग पंचवीस वर्षांनंतरही नव्याने तयार होत आहे.

यात सात रचना आहेत आणि त्या प्रथम ऐकणारा माणूस बहुधा गोंधळतो. चित्रपटगीताची सवय झालेला कान मुखडा शोधतो, अंतरा शोधतो, कोठे टाळी वाजवावी ते शोधतो. येथे गिटार दीर्घ काळ एकाच स्वरसमूहाभोवती घोटाळत राहते. तबला आणि ड्रम शेजारी शेजारी चालतात. ‘लीव्हिंग होम’ ही जवळजवळ निःशब्द रचना आहे. ज्या रचनेवरून मुद्रिकेला नाव मिळाले ती ‘कंदीसा’ केरळातील सीरियन ख्रिस्ती परंपरेतील प्राचीन प्रार्थना असून तिची भाषा आपल्यापैकी कोणालाही कळत नाही. संथ सुरुवात, तेच ते शब्द पुन्हा पुन्हा, आणि हळूहळू वाढत जाणारा आवाज. पहिल्या श्रवणात माणूस म्हणतो, ‘बरे आहे, पण हे चालले आहे काय?’ तिसऱ्या-चौथ्या श्रवणात मात्र घराची जमीन पायाला कळावी तसा बेस गिटारचा ठेका कळू लागतो. मग तबला कोठे सवाल करतो आणि ड्रम कोठे उत्तर देतो ते ऐकू येते. निःशब्द रचनेतील पोकळ्या मोकळ्या वाटेनाशा होतात. दहाव्यांदा ऐकताना, पहिल्यांदा आपण नेमके काय ऐकले होते असा प्रश्न पडतो. ध्वनिमुद्रिका तीच असते. ऐकणारा बदललेला असतो.

हा अनुभव अर्थशास्त्राला अपरिचित नाही. घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम आपण सर्वांनी शाळा-महाविद्यालयात घोकलेला आहे. भुकेल्या माणसाला पहिल्या भाकरीतून जेवढे समाधान मिळते तेवढे दुसरीतून मिळत नाही आणि पाचवी तो ताटातून परत करतो. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स’ या ग्रंथात हा नियम मांडला आणि तेथेच संगीताचे उदाहरण घेतले. चांगले संगीत जितके ऐकावे तितकी त्याची ओढ वाढत जाते, मग नियम खोटा ठरतो काय? मार्शल यांचे उत्तर असे की, ठरत नाही. कारण नियम लावताना आपण माणूस स्वतः बदलण्याइतका काळ मध्ये जाऊ देत नाही. संगीत ऐकणारा माणूस काळाच्या ओघात बदलतो, आणि बदललेल्या माणसाची आवडही निराळी असते.

नियम वाचला, पण किंमत केवढी मोजावी लागली! माणूस बदलत नाही अशा एका क्षणापुरताच तो खरा आहे, अशी ती कबुली आहे. ज्या शास्त्राने ग्राहकाच्या आवडीला सार्वभौम मानले, त्याच्या एका आद्य आचार्यानेच आवड ही घडत जाणारी गोष्ट आहे हे मान्य केले. पुढे १९७७ मध्ये शिकागोच्या जॉर्ज स्टिग्लर आणि गॅरी बेकर या दोघांनी ही फट बुजविण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या मते आवड बदलत नाही. संगीत ऐकता ऐकता माणसाजवळ एक प्रकारचे भांडवल साचते आणि त्यामुळे पुढचा प्रत्येक तास अधिक आनंद देतो. हे दोघे समाजवादाचे मित्र नव्हेत. तरीही त्यांचा शब्द आपण खुशाल स्वीकारावा. श्रवणाचे भांडवल साचते हे मान्य. परंतु भांडवल म्हटले की समाजवाद्याने जो प्रश्न विचारायचा तो येथेही विचारला पाहिजे: ते कोणाजवळ साचते, आणि ज्यांच्याजवळ साचत नाही त्यांच्याजवळ ते का साचत नाही?

पहिले कारण बाजाराच्या रचनेतच आहे. १९८० नंतरच्या दशकात स्वस्त कॅसेटी गावोगाव पोहोचल्या. गावातल्या एखाद्या घरात चार-सहा कॅसेटी असत आणि फीत गुंतून खराब होईपर्यंत त्याच ऐकल्या जात. पैसे एकदा मोजलेले असल्यामुळे पुढचे प्रत्येक श्रवण फुकटच होते. शिवाय दुसरे काही ऐकायचे तर नवी कॅसेट विकत आणावी लागे. टंचाईने माणसाला दुसऱ्यांदा ऐकायला भाग पाडले. आज मोबाइलवर कोट्यवधी गाणी आहेत. ऐकणे स्वस्त झाले ही चांगलीच गोष्ट आहे, पण त्याबरोबर सोडून देणेही तितकेच स्वस्त झाले. ‘स्पॉटिफाय’सारख्या सेवेत गाणे तीस सेकंद ऐकले गेले की ते ‘ऐकले’ असे मोजले जाते आणि त्या मोजणीवर मोबदला ठरतो. २०२४ पासून तर मागील बारा महिन्यांत एक हजार वेळाही ऐकले न गेलेले गाणे मोबदल्याच्या हिशेबातूनच वगळले जाते. अशा व्यवस्थेत शहाणा निर्माता काय करील? सारा माल पहिल्या तीस सेकंदांत मांडील. जे गाणे पाचव्या मिनिटाला उलगडते आणि पाचव्या श्रवणात आवडते, त्याला या हिशेबवहीत रकानाच नाही.

आमच्या जिल्ह्यात हळद पिकते. लागवडीपासून काढणीपर्यंत आठ-नऊ महिने जातात. मग ती शिजवावी लागते, वाळवावी लागते, पॉलिश करावी लागते. हिंगोलीच्या हळद बाजारात बोली मात्र काही क्षणांत संपते. त्या बोलीत शेतकऱ्यावर अन्याय होत नाही असे कोणी म्हणणार नाही. तरीही तेथला व्यापारीसुद्धा हळकुंड मोडून आतला रंग पाहतो. तीस सेकंदांची ही नवी बाजारपेठ हळकुंड मोडण्याचेही कष्ट घेत नाही. आणि वर सांगते की, लोकांना हेच हवे होते! ज्यांना दुसरी संधी दिलीच नाही त्यांची पसंती मोजून तिला लोकमत म्हणणे, ही लबाडी आहे.

येथे एक आक्षेप रास्तपणे घेता येईल. पुनःपुन्हा ऐकल्याने तर जाहिरातही अंगवळणी पडते. साबणाची धून आणि पुढाऱ्याची घोषणासुद्धा शंभरदा कानावर आदळली की ओठांवर येते. मग पुनरावृत्तीने आवडू लागलेल्या संगीतात आणि या प्रचारात फरक कोणता? फरक कसोटीला लागतो तो असा. जाहिरात जितकी अधिक वेळा ऐकावी तितके आपले लक्ष कमी लागते. शेवटी ती न ऐकताही डोक्यात वाजते आणि तिचा हेतू तोच असतो. खरी कलाकृती जितकी अधिक वेळा ऐकावी तितके लक्ष अधिक लागते. पहिली पुनरावृत्ती माणसाला झोपवते, दुसरी त्याला जागे करते. घोषणाबाजीच्या आजच्या राजकारणात हा फरक ओळखू येणारे कान तयार होणे, हे लोकशाहीचे काम आहे.

असे कान तयार करण्याची परंपरा आपल्याला नवी नाही. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून मानली जाणारी नरसी आमच्याच जिल्ह्यात आहे. जवळच औंढा नागनाथ आहे. तेथील आख्यायिका महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे: नामदेव देवळासमोर भजन करीत असताना त्यांना मागे जाण्यास सांगण्यात आले, ते मागच्या बाजूस जाऊन गाऊ लागले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले. चमत्कारावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. परंतु ज्या लोकांनी ही कथा शतकानुशतके सांगितली त्यांना काय म्हणायचे होते, याचा विचार करावा. मागे ढकललेल्या गायकाने आपले गाणे बदलले नाही. वळायचे होते ते ऐकणाऱ्याला. नामदेव मराठीच्या सीमेत राहिले नाहीत हेही लक्षात घ्यावे. शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात त्यांची ६१ पदे समाविष्ट आहेत. पंजाबच्या शेतकऱ्याने शिंपी समाजातल्या या संताला जो कान दिला तो एका श्रवणात दिला नसणार. गावोगावच्या हरिनाम सप्ताहातही हेच घडत आले. तोच अभंग, तीच चाल, दरवर्षी. आणि त्यासाठी तिकीट नाही, गायनाच्या शिक्षणाची अट नाही. शेतमजुरालाही श्रवणाचे भांडवल साठविता येईल अशी ती एक सार्वजनिक व्यवस्था होती. तिच्यातील जातीची उतरंड आपल्याला मान्य नाही, चोखोबांना देवळाबाहेर ठेवणारी हीच व्यवस्था होती. पण पुन्हा पुन्हा ऐकण्याची सोय फुकट आणि सर्वांसमक्ष असावी, हे तिच्यातील तत्त्व टाकून देण्याजोगे नाही.

आता आपल्या घरचा आक्षेप. काही ज्येष्ठ सहकारी म्हणतील, जे गाणे पहिल्या वेळी कळत नाही ते श्रमिकांचे नव्हे. ते शहरी सुशिक्षितांचे चोचले. या म्हणण्यामागे मोठा इतिहास आहे आणि त्याचा आदर केला पाहिजे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने, १९४४ मध्ये उभ्या राहिलेल्या लाल बावटा कलापथकाने, शाहीर अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांनी जे गाणे उभे केले ते सभेच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला पहिल्याच ओळीत पकडणारे होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्या गाण्याने काय केले ते सांगायला नको. पहिल्या श्रवणात कळणे ही तेथे कलेची उणीव नव्हती. ती अवघड सिद्धी होती. परंतु सभा संपते, गर्दी पांगते, निवडणूक हरली जाते, आणि कार्यकर्ता घरी एकटा असतो. त्या वेळी त्याला दुसऱ्या प्रकारच्या संगीताची गरज असते. लवकर न संपणारे आणि लवकर न कळणारे असे ते संगीत असते. एका गरजेने दुसरीला खोटे ठरवू नये.

शिवाय ‘कंदीसा’वर शहरी चोचल्यांचा आरोप टिकत नाही. तिच्यातील ‘हिल्ले ले’ हे गाणे मुळात भोजपुरीतील क्रांतिकारी कवी गोरख पांडे यांचे आहे. बिहार-उत्तर प्रदेशातील मोर्चांत ते अनेक वर्षे गायिले गेले. १९८९ मध्ये पांडे यांनी आत्महत्या केली. त्यांचे गाणे त्यांच्यामागे चालत राहिले. ‘मा रेवा’ ही रचना नर्मदेच्या लोकगीतावर आधारलेली आहे. राहुल राम हे नर्मदा बचाव आंदोलनात काम केलेले गृहस्थ आहेत आणि ते गीत त्या खोऱ्यातून त्यांच्याबरोबर आले.

या एका रचनेच्या श्रवणाचा प्रवास महाराष्ट्रातील वाचकाने अवश्य करून पाहावा. प्रथम ऐकताना ती नदीची स्तुती वाटते. ठेका धरावा, मान डोलवावी. धरणाविषयी तीत एक अक्षर नाही आणि ते ओढूनताणून काढूही नये. परंतु खोऱ्याची माहिती असलेला माणूस ती दुसऱ्यांदा ऐकतो तेव्हा त्याला आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुके आठवतात, महाराष्ट्रातील बुडिताची ३३ गावे आठवतात, सर्वांआधी पाण्याला सामोरे गेलेले मणिबेली आठवते. १९९३ च्या मार्चमध्ये जागतिक बँकेचे उर्वरित कर्ज बंद झाले, तो आदिवासींच्या चिवटपणाचा विजय होता. २००० साली ही ध्वनिमुद्रिका आली आणि त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने धरणाच्या पुढील बांधकामास मुभा दिली. सप्टेंबर २०१७ मध्ये १३८.६८ मीटर उंचीच्या धरणाचे लोकार्पण झाले. नदीच्या ज्या वाहत्या रूपाला ते लोकगीत आई म्हणते, तेथे आज जलाशय आहे. गाण्यातला एक स्वरही बदललेला नाही; पण ऐकणाऱ्याजवळ इतिहास जमा झाला की तेच आनंदी गाणे जड होते. पराभवाची आठवण ठेवण्याची ही एक रीत आहे, आणि आपल्यासारख्या पुष्कळ पराभव पचविलेल्या चळवळीला तिचे महत्त्व कळायला हवे.

आता कामाच्या तासांकडे येतो. दुसऱ्यांदा ऐकायला पैसा फारसा लागत नाही. वेळ लागतो, आणि तोही शिणलेल्या शरीराचा उरलासुरला वेळ चालत नाही. हिंगोली जिल्ह्यातून ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा पुण्या-मुंबईच्या बांधकामावर जाणाऱ्या मजुराच्या खिशात आज मोबाइल आहे, त्यात ‘कंदीसा’ही आहे. त्याच्याजवळ नाही ती संध्याकाळ. पहाटे फडात उतरून रात्री कोपीवर परतणारा माणूस तीस सेकंदांची चित्रफीत पाहतो आणि झोपतो. यात त्याच्या आवडीचा दोष काढणे हा अन्याय आहे. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःचे, ही मागणी जगभरच्या कामगारांनी रक्त सांडून मांडली आणि १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या पहिल्याच करारात कारखान्यांपुरता आठ तासांचा दिवस मान्य झाला. शतकानंतर, सप्टेंबर २०२५ मध्ये, महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील दैनंदिन कामाची मर्यादा नऊवरून बारा तास करण्याचा निर्णय घेतला. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे, असे सांगितले जाते. कागदावर बेरीज जुळते. परंतु बारा तासांच्या पाळीला जाण्या-येण्याचे दोन तास जोडले की त्या दिवसातील संध्याकाळ संपली, आणि सुट्टीच्या दिवशी शरीर मागील थकबाकी वसूल करते. तास मोजणाऱ्या कायद्याला संध्याकाळ मोजता येत नाही. ती आपण मोजली पाहिजे. या निर्णयाविरुद्धच्या आपल्या निवेदनांत वेतनाचा, अपघातांचा आणि आरोग्याचा मुद्दा असतो, तो असलाच पाहिजे. त्यात या हक्काचाही मुद्दा निःसंकोचपणे यावा. माणूस म्हणून बदलण्याचा जो अवकाश, तो मालकाच्या घड्याळात जमा होता कामा नये.

कार्यकर्त्या मित्रांना दोन किरकोळ वाटतील अशा सूचना करतो. पहिली अभ्यासशिबिरांसंबंधी. आपल्या शिबिरांत भाषणे फार होतात. एका संध्याकाळचा एक तास श्रवणासाठी ठेवावा. एखादी रचना ऐकावी, मग कोणीही काही न बोलता तीच पुन्हा ऐकावी, आणि त्यानंतरच चर्चा करावी. ‘कंदीसा’च हवी असे नाही, मल्लिकार्जुन मन्सूर चालतील, एखादा पोवाडा चालेल, तरुण मुले जे आणतील तेही चालेल. ज्येष्ठांनी तरुणांचे एक आणि तरुणांनी ज्येष्ठांचे एक, असे दोन्ही दोनदा ऐकावे. कानात यंत्र घालून बसलेल्या तरुणाला आपण आत्ममग्न ठरवून मोकळे होतो. तो काय ऐकतो हे विचारण्याची तसदी घेतली तर शिबिराला येणाऱ्यांची संख्या वाढेल, असा माझा अंदाज आहे. दुसरी सूचना ग्रंथालयांसंबंधी. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने महाराष्ट्रात गावोगाव ग्रंथालये उभी राहिली. त्यांच्या अनुदानासाठी आपण भांडतोच. त्या मागणीला एका श्रवणकक्षाची जोड द्यावी. एक खोली, एक बरे यंत्र, चार खुर्च्या आणि रात्री नऊपर्यंत उघडे दार, एवढाच त्याचा खर्च.

समाजवाद म्हणजे भाकरीची समान वाटणी, एवढ्यावर थांबणारे पुष्कळ आहेत. भाकरीचा प्रश्न अजून सुटलेला नसताना हे वेगळे काय काढले, असेही कोणी म्हणेल. परंतु भाकरी पोट भरताच नको होते, आणि तेथून पुढे माणसाला जे अधिकाधिक हवेसे होत जाते ते मूठभरांनाच का मिळावे, याचे उत्तर भाकरीच्या हिशेबात सापडत नाही. येत्या जिल्हा शिबिराचा कार्यक्रम अजून छापला गेला नसेल, तर त्यात तो एक तास आताच घालून घ्यावा.